विक्रीच्या किमतीशेजारी परतखरेदीची किंमतही लिहा : गोव्यातील नाणी-विक्रेत्यांना आणि प्रदर्शन-आयोजकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील नाण्यांचे व जुन्या नोटांचे सर्व विक्रेते, नाणेप्रदर्शनांचे आयोजक आणि नाणेसंग्राहक मंडळांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात माझी मागणी एकच आहे आणि ती आरंभीच सांगते. स्वतंत्र भारताची नाणी, विशेषतः टांकसाळीने काढलेले स्मारक नाण्यांचे संच, आपण गुंतवणूक म्हणून विकत असाल, तर त्यांच्या विक्रीच्या किमतीशेजारी, तीच वस्तू आज आपण स्वतः कोणत्या किमतीला परत घ्याल तो आकडाही लिहावा. सोने विकणारा सराफ विचारल्यावर दोन्ही भाव सांगतो. शेअरच्या बाजारात खरेदीचे आणि विक्रीचे दोन्ही भाव पडद्यावर दिसतात. नाण्यांच्या प्रदर्शनात मात्र एकच चिठ्ठी दिसते आणि तिच्यावर एकच आकडा असतो. ग्राहक त्या आकड्यालाच वस्तूचे मोल समजतो, पुढच्या वर्षी तो वाढलेला दिसला की आपली पुंजी वाढली असे मानतो, आणि विकायला जाईपर्यंत हा समज तपासून पाहण्याची संधी त्याला मिळत नाही.

मी आपल्या व्यवसायाची विरोधक नाही. बँकेत रोखपाल म्हणून काम करताना नाण्यांच्या पिशव्या हाताखालून गेल्या आणि त्यातूनच हा छंद जडला. नाण्यावरील सालाच्या खाली बारीक खूण असते, हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबादची, ठिपका असेल तर नोएडाची आणि कोणतीच खूण नसेल तर कोलकात्याची, हे समजल्यानंतर साध्या सुट्या पैशांकडे पाहण्याची माझी दृष्टी कायमची बदलली. माझ्या संग्रहातील बहुतेक चांगली नाणी मला आपल्यापैकीच जाणत्या, प्रामाणिक विक्रेत्यांकडून मिळालेली आहेत. एखादे नाणे साफ केलेले आहे, घेऊ नका, असे स्वतःच्या तोट्याने सांगणारे विक्रेते गोव्यात आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांची प्रतिष्ठा टिकावी, हाही या पत्राचा हेतू आहे.

आधुनिक नाण्यांचा संग्रह करणे ही उत्तम गोष्ट आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून अलीकडच्या नाण्यांना हे बंधन नसते. आधुनिक नाणी स्वस्त असतात, शाळकरी मुलालाही परवडतात आणि त्यांच्यावर आपल्या जवळचा इतिहास कोरलेला असतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली तेव्हाचा नवा पैसा, १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालेले स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे, १९९९ मधले संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे, पुढे लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे, हे सर्व मराठी माणसाच्या घरात सहज सापडते. गोव्यातल्या कितीतरी देवघरांत ज्ञानेश्वरांचे ते नाणे हळदकुंकवासह ठेवलेले मी पाहिले आहे. त्याचे बाजारातील मोल अगदी थोडे आहे, कारण ते चलनासाठी मोठ्या प्रमाणावर पाडले गेले. ज्यांनी ते देवाजवळ ठेवले त्यांना ह्याची खंत नाही आणि असण्याचे कारणही नाही.

गोव्याकडे तर या विषयात स्वतःचे असे दालन आहे. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा जिंकल्यावर लगेच येथे नाणी पाडली, आणि पणजीच्या मुख्य टपाल कार्यालयाजवळची एकोणिसाव्या शतकातली टांकसाळीची इमारत आजही उभी आहे. परंतु मला अधिक रस आहे तो पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या नाण्यांमध्ये. १९५८ मध्ये सोळा टांगांचा रुपया रद्द करून एस्कुदो आणला गेला आणि एका रुपयाला सहा एस्कुदो असा दर ठरला; एका एस्कुदोचे शंभर सेंताव होत. म्हणूनच त्या मालिकेत सहा आणि तीन एस्कुदोंची, साठ आणि तीस सेंतावांची अशी इतरत्र क्वचितच आढळणारी मूल्ये दिसतात: सहा एस्कुदो म्हणजे जुना पूर्ण रुपया, तीन म्हणजे अर्धा, साठ सेंताव म्हणजे रुपयाचा दहावा भाग. जुन्या हिशेबाची सवय मोडू नये म्हणून नवे चलन जुन्याच मापाने कापले गेले होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि जेमतेम तीन वर्षांचे हे चलन संपले. आमच्या पिढीच्या घरांत बिस्किटांच्या डब्यांतून ही नाणी अजून निघतात. आपल्यापैकी काही जण हीच नाणी पर्यटकांना दुर्मीळ म्हणून विकतात, हे मला ठाऊक आहे. ती दुर्मीळ नाहीत. ती अत्यंत बोलकी आहेत, आणि तेवढे सांगूनही ती विकली जातील.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या प्रदर्शनांत सर्वाधिक उत्साहाने जे विकले जाते ते टांकसाळीचे प्रूफ (खास संग्राहकांसाठी पाडलेल्या, आरशासारख्या चकचकीत नाण्यांचे) आणि यूएनसी (चलनात न फिरलेल्या कोऱ्या नाण्यांचे) संच. भारत सरकारचे सुरक्षा मुद्रण व टांकसाळ महामंडळ ही नाणी काढते, ठरावीक काळ मागणी नोंदवून घेते आणि आकर्षक डबीत घालून घरपोच पाठवते. २०११ च्या नाणे कायद्याने एक हजार रुपयांपर्यंतच्या दर्शनी मूल्याची नाणी काढता येतात, त्यामुळे पंच्याहत्तर, शंभर, पाचशे अशी मूल्ये आपण पाहतो. ही नाणी कायदेशीर असली तरी व्यवहारात फिरण्यासाठी काढलेली नसतात. बँकेच्या खिडकीवर नेले तर शंभराच्या नाण्याचे शंभर रुपयेच मिळतील आणि ते घेताना रोखपाल दोनदा विचार करील, हे मी अनुभवाने सांगते.

मग त्या नाण्यासाठी ग्राहक काही हजार रुपये मोजतो ते कशाचे? निम्मे उत्तर धातूत आहे. २०१८ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या स्मरणार्थ काढलेले शंभर रुपयांचे नाणे आणि २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनानिमित्त काढलेले पंच्याहत्तर रुपयांचे नाणे ही दोन्ही पस्तीस ग्रॅम वजनाची असून त्यांत पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबे आणि उरलेल्या दहा टक्क्यांत निकेल व जस्त आहे. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. चांदी किलोला १ लाख रुपये धरली तर या चांदीचे १,७५० रुपये होतात, २ लाख धरली तर ३,५००. हा हिशेब आठवी-नववीतल्या मुलालाही करता येतो, परंतु मी आजवर एकाही टेबलावर तो लिहिलेला पाहिला नाही. आणि हा हिशेबसुद्धा ग्राहकाला अनुकूल असा केलेला आहे, कारण चार धातूंच्या मिश्रणातून चांदी वेगळी काढण्यास खर्च येतो आणि मुळात कायद्याने चलनी नाणे वितळवणे हा गुन्हा आहे. सराफ शुद्ध चांदीची लगड हसतमुखाने घेईल, हे नाणे तो हातात उलटसुलट करून परत देईल. ज्याला चांदीत पैसे गुंतवायचे आहेत त्याने चांदी घ्यावी, असे त्याला सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, असे मला वाटते.

याउलट १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेले दहा रुपयांचे नाणे पाहा. पंधरा ग्रॅम वजन, ऐंशी टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी बारा ग्रॅम. ते लोकांच्या हाती दर्शनी किमतीला, दहा रुपयांना आले. ज्यांनी ते जपले त्यांचे पैसे अनेक पटींनी वाढले आणि हेच उदाहरण आज प्रत्येक नव्या संचाच्या जाहिरातीत, तोंडी का होईना, दिले जाते. परंतु दहा रुपयांच्या नाण्याला दहा रुपये मोजणे आणि शंभर रुपयांच्या नाण्याला हजारो रुपये मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात जो वाढावा ग्राहकाला मिळाला, तो दुसऱ्यात विक्रीच्याच दिवशी टांकसाळीने किंवा मधल्या विक्रेत्याने आधीच घेतलेला असतो.

किमतीचे उरलेले निम्मे उत्तर म्हणजे दुर्मिळता, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक गैरसमज येथेच जन्म घेतात. कमी संख्येने पाडलेले नाणे महाग होते, असे आपण ग्राहकाला सांगता. हे अर्धसत्य आहे. अमेरिकेतील डेन्व्हर टांकसाळीने १९५० साली पाच सेंटचे, त्यांच्या बोलीत निकेलचे, नाणे फक्त २६ लाख ३० हजार इतकेच पाडले. त्या मालिकेतील हा सर्वांत कमी आकडा होता आणि तो तेव्हाच सर्वांना कळला. परिणामी लोकांनी ती नाणी गुंडाळ्यांच्या गुंडाळ्या करून कपाटांत ठेवली, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे भाव भराभर चढले आणि त्याच दशकाच्या मध्यावर कोसळले. आज साठ वर्षांनंतरही ते नाणे अगदी कोऱ्या अवस्थेत तेथल्या एका साध्या जेवणाच्या खर्चात मिळते. कारण सोपे आहे: सगळ्यांनीच जपल्यामुळे ते झिजले नाही, हरवले नाही, वितळले नाही. पाडलेली संख्या कमी होती, पण उरलेली संख्या जवळजवळ तेवढीच राहिली.

इंग्लंडमध्ये याच्या नेमके उलटे घडले. २००९ मध्ये क्यू येथील राजोद्यानाला अडीचशे वर्षे झाली म्हणून पन्नास पेन्सचे नाणे काढले गेले. ते २ लाख १० हजार इतकेच पाडले होते, पण त्या वेळी कोणाचेच तिकडे लक्ष गेले नाही आणि ते दुकानांच्या गल्ल्यांतून, बसच्या तिकिटांतून फिरत राहिले. पुढे शाही टांकसाळीचे आकडे लोकांसमोर आले तेव्हा शोधाशोध सुरू झाली आणि आज ते दर्शनी किमतीच्या शंभर पटींहून अधिक किमतीला विकले जाते. येथे कोणी गुंतवणूक केलीच नव्हती; ज्यांना लाभ झाला त्यांना तो खिशातल्या सुट्या पैशांतून झाला. आणखी एक उदाहरण आपल्यापैकी काही जण भाषणांत आवर्जून देतात, ते १९३३ च्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचे. २०२१ मध्ये त्याचे एक नाणे सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले, हे खरेच आहे. परंतु पूर्ण हकिगत सांगायची तर अशी ४ लाख ४५ हजार ५०० नाणी पाडली गेली होती, सरकारने ती जवळजवळ सगळी वितळवली, आणि जे एक नाणे विकले गेले तेवढेच खासगी मालकीसाठी कायदेशीर ठरलेले होते. भट्टीत गेलेल्या लाखो नाण्यांनी उरलेल्या एकाला ती किंमत दिली. मखमली डबीत घालून, प्रमाणपत्रासह, काळजीपूर्वक जपण्यासाठीच विकल्या गेलेल्या नाण्यांच्या बाबतीत अशी घट होण्याची शक्यता किती, ह्याचा विचार आपण सर्वांनी करावा.

यातून मी असे म्हणत नाही की आधुनिक भारतीय नाण्यांत काहीच दुर्मीळ नाही. एखाद्या टांकसाळीने एखाद्या साली एखादे मूल्य फार थोडे पाडले, ते लोकांच्या हातून फिरून झिजले आणि आता चांगल्या अवस्थेत मिळत नाही, असे घडते, आणि ते ओळखण्यासाठी अभ्यास लागतो. वर्षानुवर्षे सुटे पैसे चाळणाऱ्या माणसाला हा अभ्यास असतो. त्याने केलेल्या संग्रहाला कधी चांगली किंमत आली तर ती त्याच्या ज्ञानाची किंमत आहे. परंतु ज्याने आयुष्यात कधी नाण्याखालची खूण पाहिली नाही, त्याला तयार संच विकून हाच लाभ तुलाही होईल असे सांगणे योग्य नाही.

माझ्या परिचयातील बार्देशातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी असेच संच घेतले होते. निवृत्तीच्या रकमेतला एक भाग त्यांनी त्यात घातला, कारण प्रदर्शनातील एका विक्रेत्याने त्यांना मुदत ठेवीशी तुलना करून दाखवली होती. पुढे शस्त्रक्रियेसाठी पैशांची गरज पडली तेव्हा ते त्याच विक्रेत्याकडे गेले. सध्या मागणी नाही, असे त्यांना सांगण्यात आले आणि जी रक्कम देऊ केली गेली ती त्यांनी मोजलेल्या रकमेच्या एक तृतीयांशाच्या आसपास होती. त्याच वेळी त्याच टेबलावर तसाच संच त्यांनी दिलेल्या किमतीपेक्षा अधिक किमतीला विकायला ठेवलेला होता. मी त्यांच्यासोबत गेले होते. विक्रेत्याने खोटे असे काही केले नव्हते; दुकान चालवायचे तर खरेदी आणि विक्री यांत अंतर ठेवावेच लागते, माल पडून राहतो, टेबलाचे भाडे भरावे लागते. परंतु ते अंतर इतके मोठे आहे हे पहिल्याच दिवशी कळले असते, तर या गृहस्थांनी पैसे ठेवीत ठेवले असते आणि हौसेखातर एखादाच संच घेतला असता. मला दुःख झाले ते या गोष्टीचे की परत येताना ते विद्यार्थ्यांना नाणी दाखवण्याचा आपला जुना बेतही सोडून द्यायच्या गोष्टी करू लागले.

आपल्या हवेचाही विचार झाला पाहिजे, आणि तो गोव्यात तरी प्रत्येक विक्रेत्याने ग्राहकाला बोलून दाखवला पाहिजे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा ओलीचिंब असते, किनाऱ्यालगत तिच्यात खारही असतो. प्रूफ नाण्याची किंमत त्याच्या आरशासारख्या पृष्ठभागात असते आणि त्या आरशावर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच धुरकट थर किंवा ठिपके येऊ शकतात. डबी बंद आहे म्हणून नाणे सुरक्षित आहे, हा समज खरा नाही. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांतून तर कालांतराने हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. घामट बोटांनी एकदा स्पर्श केला तर ठसा कायमचा राहतो. कोरडेपणा राखणारी सिलिका जेलची पुडी, रसायनमुक्त पाकिटे, वरचेवर पाहणी, एवढे सगळे करूनही पुढच्या विक्रीच्या वेळी खरेदीदार भिंगातून पाहून किंमत पाडणारच. ठेवीवर डाग पडत नाहीत. नाण्यावर पडतात, आणि त्यांचा खर्च परताव्याच्या कोणत्याच गणितात धरलेला नसतो.

प्रतवारी केलेल्या, प्लास्टिकच्या कवचात बंद नाण्यांविषयीही थोडे लिहिते. १९४९ मध्ये अमेरिकन नाणेअभ्यासक शेल्डन यांनी मांडलेली, नाण्याची अवस्था मोजणारी सत्तर गुणांची पट्टी आणि १९८६-८७ पासून अमेरिकेत सुरू झालेल्या प्रतवारीच्या कंपन्या यांनी जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शिस्त आणली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आजच्या यंत्रांतून काळजीपूर्वक पाडलेले नवे नाणे बहुतेकदा एकोणसत्तर किंवा सत्तर गुणांचेच असते. या एका गुणाच्या फरकासाठी दुप्पट-तिप्पट किंमत मागितली जाते तेव्हा ग्राहक नाण्याची किंमत देत नसून कवचावरील चिठ्ठीची किंमत देत असतो. पुढचा खरेदीदार त्या चिठ्ठीला तेवढीच किंमत देईल, असा कोणताही करार नसतो.

यापेक्षा गंभीर प्रकार म्हणजे फसवणूक, आणि तिच्यात आपला हात नाही हे मला ठाऊक असले तरी ती थांबवण्यात आपला हात असू शकतो. २०१२ मध्ये माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या निमित्ताने पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. ती चलनात आली, अनेकांच्या हाती पडली, आणि तरीही त्यांना लाखो रुपये मिळतात अशा चित्रफिती गावोगाव फिरत असतात. त्यावर विश्वास ठेवून एखादी आजी मोबाइलवर छायाचित्र पाठवते, पलीकडून रिझर्व्ह बँकेच्या नावाने आणि चिन्हाने बनवलेले पत्र येते, आणि मग नोंदणी शुल्क, कर, दलाली अशा नावांखाली तिच्याकडूनच पैसे उकळले जातात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याविषयी जाहीर सूचना काढून स्पष्ट केले की बँक अशा व्यवहारांत पडत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. ही सूचना मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारावर लावायला खर्च काहीच येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे साल घातलेली रामदरबाराची वा हनुमंताची जी नाणी बाजारांत दिसतात, ती कंपनीने कधीही पाडलेली नाहीत. कोणी ती श्रद्धेने घेत असेल तर हरकत नाही, पण ती नाणी म्हणून विकली जाऊ नयेत. प्रदर्शनाच्या मांडवात असे टेबल दिसले तर ते उठवण्याचा अधिकार आयोजकांना आहे आणि तो त्यांनी वापरावा.

आता माझ्या मागणीवर येणारे आक्षेप. आपल्यापैकी ज्यांच्याशी मी याविषयी बोलले त्यांचे म्हणणे असे की नाण्याची अवस्था पाहिल्याशिवाय खरेदीचा भाव सांगता येत नाही. जुन्या नाण्यांच्या बाबतीत हे पूर्णपणे खरे आहे आणि त्यांच्यासाठी माझी मागणी नाहीच. परंतु टांकसाळीच्या मूळ डबीतला, न उघडलेला संच आजच्या दिवशी कोणत्या भावाने घ्याल, हे सांगण्यात अडचण कोणती? तो भाव एका दिवसापुरता असू द्या, खाली तारीख घाला, भाव बदलला तर चिठ्ठी बदला. दुसरा आक्षेप असा की दोन्ही आकडे पाहिल्यावर ग्राहक घेणारच नाही. काही ग्राहक खरोखर घेणार नाहीत, आणि जे केवळ परताव्यासाठी घेत होते त्यांनी न घेणेच त्यांच्या हिताचे आहे. ज्यांना नाणे हवे आहे, ज्यांना शिवाजी महाराजांचे किंवा ज्ञानेश्वरांचे नाणे घरात असावे असे वाटते, ते आकडे पाहूनही घेतील, कारण त्यांनी तसा हिशेब मनात कधी केलेलाच नसतो. तिसरा आक्षेप, की शेजारच्या राज्यांतून येणारे विक्रेते असे काही लिहिणार नाहीत आणि नुकसान फक्त गोव्यातल्या विक्रेत्यांचे होईल. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि म्हणूनच हे पत्र एकट्या-दुकट्या विक्रेत्याला न लिहिता आयोजकांना आणि मंडळांनाही लिहीत आहे. टेबल देताना आपण भाडे, वेळा, सुरक्षा यांच्या अटी घालता. त्यांतच ही एक अट घातली तर ती बाहेरच्यांना आणि आपल्यांना सारखीच लागू होईल.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आणखी एक विनंती आहे. पणजी, मडगाव, म्हापसा किंवा फोंडा, प्रदर्शन कोठेही असो, एक टेबल असे ठेवावे की जेथे काहीही विकले जात नाही. तेथे जाणत्या सभासदांनी बसावे आणि लोकांनी घरून आणलेली नाणी पाहून ती काय आहेत, कोणत्या टांकसाळीची आहेत, साधारण कितीला जातील, हे विनामूल्य सांगावे. सेंतावांचा डबा घेऊन येणाऱ्या वृद्ध बाईला तिच्या नाण्यांना फार पैसे येणार नाहीत हे सौम्यपणे सांगावे आणि त्याच वेळी तीस सेंताव म्हणजे रुपयाचा विसावा भाग कसा, हेही तिच्या नातवाला समजावून द्यावे. त्या मुलाच्या हातात पुढच्या वर्षी भिंग दिसण्याची शक्यता मला मोठी वाटते. आपल्या व्यवसायालाही असेच ग्राहक दीर्घकाळ पुरतील.

येत्या हंगामातील प्रदर्शनांची जुळवाजुळव पावसाळा संपता-संपता सुरू होते. टेबलांचे अर्ज छापण्यापूर्वी, टांकसाळीच्या आधुनिक संचांवर विक्रीची किंमत, चांदी असल्यास तिचे वजन आणि त्या दिवसाची परतखरेदीची किंमत अशा तीन गोष्टी लिहिणे बंधनकारक करणारी अट त्या अर्जात घालावी, आणि आपल्या मंडळाने याविषयी काय ठरवले ते वृत्तपत्रांतून जाहीर करावे, ही विनंती. अटीचा मसुदा तयार करण्यास आणि विनामूल्य तपासणीच्या टेबलावर बसण्यास मी तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फोंडा येथील एक नाणेसंग्राहक